वेशीतले वडील आणि अर्धे खळे

हिब्रू भाषेत म्हाताऱ्या माणसाला ‘झाकेन’ आणि दाढीला ‘झाकान’ म्हणतात. दोन्ही शब्द एकाच धातूचे असल्यामुळे ज्याची दाढी पिकली तो वडील, एवढाच अर्थ या शब्दात मुळात असावा. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी त्यासाठी ‘वडील’ हा शब्द योजला आणि तो चपखल आहे, कारण मराठीतही वडीलपण म्हणजे नुसते वय नव्हे, त्यात घरातला आणि गावातला अधिकार येतो. यहुदी परंपरेत मात्र या वडीलपणाचे धनी पुढे बदलत गेले: आधी कुळातला पिकल्या दाढीचा माणूस, मग धर्मशास्त्र जाणणारा पंडित, आणि त्यानंतर समाजाची तिजोरी सांभाळणारा प्रतिष्ठित गृहस्थ. धनी बदलले तरी एक शंका कायम राहिली. माणूस कितीही थोर असला तरी त्याने एकट्याने निवाडा द्यावा, हे या परंपरेने मनापासून कधी मान्य केले नाही, आणि तिच्या कायद्यातली, प्रार्थनेतली, दानधर्माच्या व्यवस्थेतली कित्येक बारीक कलमे या एका शंकेतून निघाली आहेत.

‘निर्गम’ ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात ही शंका प्रथम व्यक्त करणारा मनुष्य इस्राएली नाही, हे मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे. मोशेचा सासरा इथ्रो हा मिद्यानी पुरोहित जावयाच्या भेटीला येतो, तेव्हा मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसलेला आणि लोक भोवती ताटकळत उभे राहिलेले त्याला दिसतात. या रीतीने मोशेही खचेल आणि लोकही खचतील, असे सुनावून तो हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर एकेक नायक नेमण्याचा, आणि फक्त अवघड प्रकरणे मोशेकडे ठेवण्याचा सल्ला देतो. हीच हकीकत ‘अनुवाद’ ग्रंथाच्या आरंभी पुन्हा येते तेव्हा सासऱ्याचे नाव गळून पडते, कल्पना मोशेची स्वतःची होते आणि माणसे निवडून देण्याचे काम लोकांवर सोपवले जाते. एकीकडे वरून नेमणूक आणि दुसरीकडे खालून निवड, असे हे दोन वृत्तान्त एकाच धर्मग्रंथात शेजारी शेजारी राहिले, आणि पुढच्या दोन हजार वर्षांत समाजाचे पुढारी कोणी ठरवायचे यावर जेव्हा जेव्हा भांडण झाले, तेव्हा दोन्ही बाजूंना आधार मिळत राहिला.

‘गणना’ ग्रंथाच्या अकराव्या अध्यायातली सत्तर वडिलांची कथा याहून सखोल आहे. लोकांचे ओझे आपल्याला एकट्याला वाहवत नाही, अशी मोशेची तक्रार ऐकून ईश्वर त्याला सत्तर वडील दर्शनमंडपापाशी जमवायला सांगतो आणि मोशेवर असलेल्या आत्म्यातला काही अंश त्यांच्यावर ठेवतो. एलदाद आणि मेदाद नावाचे दोघे मात्र मंडपाकडे न जाता छावणीतच राहतात आणि तिथेच त्यांना प्रेषितासारखी वाचा फुटते. मोशेचा सेवक यहोशवा घाबरून त्यांना आवरायला सांगतो, तर मोशे उलट सगळेच लोक प्रेषित झाले असते तर बरे झाले असते, असे म्हणून विषय मिटवतो. या कथेवरची तालमूदमधली एक टिपणी व्यवहारी मनाचा उत्तम नमुना आहे. (तालमूद म्हणजे ‘मिश्ना’ हा मूळ कायदासंग्रह आणि त्यावर पिढ्यान् पिढ्या झालेली चर्चा यांचा प्रचंड ग्रंथ.) वंश बारा आणि माणसे सत्तर, प्रत्येक वंशातून सहा घेतले तर बहात्तर होतात, पाच घेतले तर साठच, मग वगळलेल्या वंशांचा रोष कोणी पत्करायचा? म्हणून मोशेने बहात्तर जणांना बोलावले, सत्तर चिठ्ठ्यांवर ‘वडील’ असे लिहिले, दोन कोऱ्या ठेवल्या, आणि ज्याच्या हाती कोरी चिठ्ठी आली त्याला सांगितले की देवानेच तुला नको म्हटले, त्याला मी काय करू. मूळ कथेत यातले काहीच नाही. ज्यांनी ही भर घातली त्यांना जागांच्या वाटपावरून उठणाऱ्या कुरबुरींचा चांगलाच अनुभव असला पाहिजे.

कनान देशात इस्राएली लोकांची वस्ती झाल्यावर वडिलांची बसण्याची जागा वेशीत आली. तटबंदी असलेल्या त्या लहान नगरांत मोकळी जागा अशी वेशीपाशीच असे, शेतावर जाणारा-येणारा प्रत्येक माणूस तिथूनच जाई, आणि इस्रायलच्या उत्तर टोकाला दान येथे झालेल्या उत्खननात वेशीच्या आतल्या भिंतीला लागून दगडी बाकही सापडले आहेत. ‘रूथ’ ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात बवाज वेशीत येऊन बसतो, जवळच्या नातलगाला हाक मारून थांबवतो, नगराच्या वडिलांपैकी दहा जणांना बसवून घेतो आणि त्यांच्यासमोर जमिनीचा व रूथ या विधवेशी लग्नाचा प्रश्न निकाली काढतो. व्यवहार पक्का झाल्याची खूण म्हणून पायातले पायताण काढून दिले जाते. ‘अनुवाद’ ग्रंथातला दिराने निपुत्रिक भावजयीशी लग्न करण्याचा नियमही याच जागी येतो: दीर नकार देत असेल तर तिने वेशीतल्या वडिलांपुढे त्याच्या पायातले पायताण काढायचे, आणि त्यानंतरच ती दुसरीकडे लग्न करायला मोकळी होते. या विधीला पुढे ‘हलित्सा’ असे नाव पडले. बवाजने बसवलेल्या दहा वडिलांवरून लग्नाच्या आशीर्वादांना दहा पुरुष हजर असले पाहिजेत, असा नियम तालमूदने काढला. सामुदायिक प्रार्थनेलाही दहाचाच कोरम लागतो आणि त्याला ‘मिन्यान’ म्हणतात.

वडिलांवर अधिकारापेक्षा जबाबदारी कशी पडत असे, हे दाखवणारा एक विधी आहे. उघड्या रानात एखाद्याचा खून झालेला आढळला आणि मारेकरी सापडला नाही, तर वडिलांनी व न्यायाधीशांनी प्रेतापासून आसपासच्या नगरांपर्यंतचे अंतर मोजायचे; जे नगर सर्वांत जवळ निघेल तिथल्या वडिलांनी कधी जू न वाहिलेली कालवड वाहत्या पाण्याच्या, नांगर न लागलेल्या खोऱ्यात नेऊन तिची मान मोडायची, तिच्यावर हात धुवायचे आणि हे रक्त आमच्या हातांनी सांडले नाही असे म्हणायचे. मिश्नाने यावर साधाच प्रश्न विचारला आहे: नगराच्या वडिलांनी खून केला असेल अशी शंका तरी कोणाला येणार होती? मिश्नानेच दिलेले उत्तर असे की, तो वाटसरू आपल्याकडे आला असता आपण त्याला शिदोरीवाचून वाटेला लावले नाही किंवा सोबतीवाचून सोडले नाही, एवढे वडिलांना छातीवर हात ठेवून सांगता आले पाहिजे. खुनी माजले तेव्हा हा विधी बंद पडला, अशीही नोंद तिथेच आहे.

वेशीतली ही मंडळी धुतल्या तांदळासारखी होती असा दावा बायबलही करत नाही. शलमोनाचा मुलगा रहबाम कराचे ओझे हलके करण्याचा म्हाताऱ्यांचा सल्ला धुडकावून बरोबर वाढलेल्या तरुणांचे ऐकतो आणि राज्याचे दोन तुकडे होतात, ही कथा वडिलांच्या बाजूची. पण नाबोथाचा द्राक्षमळा हडपण्यासाठी ईजबेल राणीने राजाच्या शिक्क्याची पत्रे पाठवली तेव्हा इज्रेलच्या वडिलांनी निमूटपणे खोटे साक्षीदार उभे करून नाबोथाला दगडांनी मारवले, ही कथाही त्याच ग्रंथात आहे. अनेकांनी मिळून दिलेला निर्णय न्याय्य असतोच असे नाही. किंबहुना दोष अनेकांत वाटला गेला की तो प्रत्येकाला हलका वाटतो, आणि इज्रेलमध्ये नेमके हेच घडले.

बॅबिलोनच्या बंदिवासानंतर आणि ग्रीक अमलाखाली वडिलांची सभा यरुशलेममध्ये राजमान्य संस्था झाली; इ.स.पू. 200 च्या सुमारास सेल्यूकीय राजा तिसरा अँटिओकस याने यहुदी लोकांना दिलेल्या सवलतींच्या पत्रात ‘गेरूसिया’, म्हणजे वृद्धांची सभा, असा तिचा उल्लेख येतो. पुढे रूढ झालेले ‘सन्हेद्रिन’ हे नावही ग्रीकच. एकत्र बसणे असा त्याचा अर्थ. मिश्नाच्या मते एकाहत्तर सदस्यांची मोठी सन्हेद्रिन, तेवीस सदस्यांची लहान आणि पैशाच्या दाव्यांसाठी तीन न्यायाधीशांचे मंडळ अशी व्यवस्था होती. एकाहत्तर हा आकडा सत्तर वडील आणि मोशे मिळून होतो. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. यरुशलेमचे मंदिर रोमनांनी इ.स. 70 मध्ये जाळले आणि मिश्नाचे संकलन इ.स. 200 च्या आसपास झाले; तेव्हा तिच्यातले सन्हेद्रिनचे चित्र हे किती प्रत्यक्षाचे आणि किती आदर्शाचे, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. पण समाजाने आपल्या न्यायसभेचे चित्र मनात कसे रंगवले, यालाही इतिहासात मोल आहेच.

त्या चित्रात सदस्य अर्ध्या गोल खळ्यासारखे बसत. उपमा खळ्याची आहे आणि मळणी पाहिलेल्या वाचकाला तिचे वेगळे स्पष्टीकरण नको. एका ओळीत बसले की शेजारच्याचा फक्त खांदा दिसतो, अर्ध्या वर्तुळात प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसतो, आणि मिश्नाने कारणही हेच दिले आहे. समोर उजवीकडे-डावीकडे एकेक लेखनिक उभा राहून सुटकेच्या आणि शिक्षेच्या बाजूची मते लिहून घेई. पुढ्यात शिष्यांच्या तीन रांगा, प्रत्येकाची जागा ठरलेली. सभेत माणूस कमी पडला की पहिल्या रांगेतला वर जाई, दुसऱ्या रांगेतला पहिलीत येई. पैशाच्या दाव्यात मत देण्याची सुरुवात सर्वांत थोर सदस्यापासून होई, पण देहान्ताच्या खटल्यात ती कडेपासून, म्हणजे सर्वांत कनिष्ठापासून होई, कारण थोराने एकदा तोंड उघडले की धाकट्याला त्याच्याविरुद्ध बोलवत नाही. निर्दोष ठरवायला एका मताचे आधिक्य पुरे, दोषी ठरवायला मात्र दोन मतांचे हवे. सुटकेचा निकाल त्याच दिवशी देता येई. शिक्षेचा द्यायचा तर रात्र मध्ये जाऊ द्यावी लागे, आणि त्या रात्री सदस्यांनी जोडी-जोडीने बसून, थोडके खाऊन, मद्याला न शिवता खटल्याची उलटसुलट चर्चा करायची असे. तालमूदमध्ये तर याहून चमत्कारिक मत नोंदले आहे: सगळ्या सदस्यांनी एकमुखाने आरोपीला दोषी ठरवले, तर त्याला सोडून द्यावे. त्याच्या बाजूने एकही शब्द कोणाला सुचला नाही, याचा अर्थ त्याची बाजू कोणी शोधलीच नाही, असा या मताचा रोख दिसतो.

आणखी एक कलम असे की ज्याला फार म्हातारपण आले आहे किंवा ज्याला मुलेबाळे नाहीत, अशाला देहान्ताचे खटले चालवणाऱ्या सन्हेद्रिनवर बसवू नये. मुले वाढवताना सोसलेले म्हाताऱ्याला आठवत नाही, म्हणून त्याच्या ठायी कणव उरत नाही, असे अकराव्या शतकातला भाष्यकार राशी याने कारण सांगितले आहे. ज्या सभेचे पूर्वीचे नावच वृद्धसभा होते, तिच्या दारात अतिवृद्धाला अडवणारे हे कलम पाहिले म्हणजे ‘झाकेन’ शब्दाचा अर्थ किती सरकला होता ते कळते. पंडितांनी त्या शब्दाची अक्षरे फोडून ‘ज्याने ज्ञान मिळवले तो’ असा नवाच अर्थ लावला. व्युत्पत्ती म्हणून तो टिकण्यासारखा नाही, पण त्याने काम चोख केले. त्यानंतर अठरा वर्षांचा तरुणही वडील ठरू शकत होता.

तसा तो ठरलाही. मंदिर पडल्यावर धर्मपंडितांची सभा किनाऱ्याजवळच्या याव्ने गावी भरू लागली आणि दुसरा रब्बान गमलिएल तिचा ‘नासी’, म्हणजे अध्यक्ष होता. रात्रीची प्रार्थना सक्तीची की ऐच्छिक, या प्रश्नावर त्याने वृद्ध रब्बी यहोशूआ याला भर सभेत खोटे पाडले आणि आपले प्रवचन चालू असताना त्याला उभेच ठेवले. त्याचा असा अपमान पूर्वीही झालेला होता. सभेत कुजबूज वाढली, गमलिएलचे शब्द मोठ्याने लोकांना ऐकवणाऱ्या हुत्स्पीत नावाच्या माणसाला गप्प राहायला सांगण्यात आले, आणि अध्यक्षाला पदावरून काढण्यात आले. त्याच्या जागी यहोशूआ चालेना, कारण तो भांडणातला पक्ष; रब्बी अकीवा चालेना, कारण त्याच्या मागे घराणे नाही. शेवटी विद्वान, श्रीमंत आणि बायबलमधल्या एज्रा शास्त्र्याच्या दहाव्या पिढीतला एलाझार बेन अझर्या याला विचारण्यात आले, तेव्हा तो म्हणाला की घरच्या माणसांना विचारून सांगतो. त्याच्या बायकोने दोन शंका काढल्या: उद्या हे लोक तुम्हालाही काढतील, आणि तुमच्या दाढीत एक पांढरा केस नाही. तालमूद सांगते की तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि त्याच दिवशी त्याच्या केसांच्या अठरा ओळी पांढऱ्या झाल्या.

चमत्कार बाजूला ठेवला तरी पुढचा तपशील महत्त्वाचा आहे. ज्याचे अंतर्बाह्य एक नाही त्याने शाळेत येऊ नये, असा गमलिएलचा दंडक असल्यामुळे दाराशी पहारेकरी असे. त्या दिवशी पहारेकरी हटवला गेला आणि आत बाके वाढवावी लागली, कोणी म्हणतो चारशे, कोणी म्हणतो सातशे. गमलिएल रागावून घरी बसला नाही, चर्चेला येत राहिला, आणि शेवटी यहोशूआची क्षमा मागायला त्याच्या घरी गेला. तिथल्या भिंती काजळीने काळ्या झालेल्या पाहून तू कोळसे पाडणारा दिसतोस, असे तो म्हणाला. त्यावर यहोशूआने, पंडित काय करून पोट भरतात हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती या पिढीचे सुकाणू असावे हे पिढीचे दुर्दैव, असे उत्तर दिले. क्षमा झाली, पण एलाझारला काढायचे कसे? तेव्हा गमलिएलने तीन शब्बाथ प्रवचन करावे आणि एलाझारने एक, अशी तोड निघाली. शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस. एखाद्या ग्रामपंचायतीत सरपंचपदाची मुदत दोन गटांनी वाटून घ्यावी, तशातलीच ही तडजोड. तिच्यात तत्त्वज्ञान फारसे नाही, पण सभा मात्र फुटली नाही.

हे सारे पंडितांपुरते झाले. सामान्य यहुद्याच्या आयुष्याला अधिक लागून असलेली व्यवस्था दानाच्या पैशाची होती आणि तिचा नियम दोन शब्दांत सांगता येण्याजोगा आहे: गोळा करायला दोघे, वाटायला तिघे. वर्गणी मागणे हा लोकांवर अधिकार गाजवण्याचा प्रकार, तो एकट्याने करायचा नाही; वाटप करणे म्हणजे कोणाची गरज किती याचा निवाडा, म्हणून तिथे न्यायालयाइतकेच तिघे. हे काम करणाऱ्याला ‘गब्बाई’ म्हणतात. प्रार्थनेचे सभागृह विकण्यासारख्या मोठ्या व्यवहाराला ‘नगरातले सात भले गृहस्थ’ आणि त्यांच्या जोडीला हजर असलेले गावकरी लागत. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तर त्या पैशाची मद्याची चैन केली तरी चालेल, असे तालमूदमधला रावा हा पंडित म्हणतो, आणि त्यात थोडी चेष्टा असली तरी मुद्दा लोकांच्या संमतीचा आहे. मध्ययुगीन युरोपात या सातांचे ‘पार्नास’ झाले. क्राकूव्ह शहराच्या 1595 च्या नियमावलीप्रमाणे चार प्रमुखांपैकी प्रत्येकाने एकेक महिना पाळीपाळीने कारभार पाहायचा असे, आणि निवडणूक चिठ्ठ्या टाकून काढलेल्या मोजक्या मतदारांमार्फत होई. व्यवहारात ही पाळी चार-दोन धनिक घराण्यांतच फिरत राही आणि कराचा भार गरिबांवर ढकलल्याच्या तक्रारी सगळीकडे होत्या. गाऱ्हाणे ऐकले जाईपर्यंत सभागृहातले तोरा या धर्मग्रंथाचे वाचन अडवून धरण्याचा हक्क उत्तर युरोपातल्या समाजांत साध्या माणसाला होता, ही त्यावरची एक मुलखावेगळी तोड. पोलंडमधल्या सगळ्या समाजांची मिळून झालेली ‘चार प्रांतांची सभा’ लुब्लिनच्या जत्रेच्या वेळी भरत असे. 1764 मध्ये पोलिश संसदेने ती बरखास्त केली.

या मोठ्या प्रवाहापासून फार दूर, कोकणातल्या अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या टापूतल्या गावांत विखुरलेला बेने इस्रायल हा यहुदी समाज अनेक शतके तालमूदशिवाय राहिला. नवगावजवळ गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्यातले विधिनिषेध आणि ‘शमा’ ही ईश्वराच्या एकत्वाची घोषणा एवढी शिदोरी त्यांनी जपली होती. दावीद रहाबी नावाच्या एका परदेशी यहुद्याने त्यांना ओळखले, असे परंपरा सांगते. त्याने बायकांपुढे मासळीची पाटी ठेवली आणि त्यांनी खवले व पर नसलेले मासे बाजूला काढले, तेव्हा त्याची खात्री पटली. रहाबीचा काळ कोणी बाराव्या शतकाच्या आसपास नेतो, कोणी अठराव्या शतकात आणतो, पण त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतल्या माणसांना शिकवून तयार केले आणि त्यांना ‘काजी’ म्हणू लागले, ही आठवण हाईम शमुवेल केहीमकर यांनी 1897 मध्ये लिहून पुऱ्या केलेल्या आणि 1937 मध्ये तेल अवीवमध्ये छापल्या गेलेल्या इतिहासात आहे.

काजी हा शब्द शेजारच्या मुसलमानी राजवटीच्या न्यायव्यवस्थेतून आलेला, तसेच समाजाचे बाकीचे अधिकारीही कोकणातल्या गावगाड्यातून उचललेले दिसतात. समाजाचा प्रमुख तो मुकादम. त्याचे सल्लागार ते चौगुले, आणि चौगुला म्हणजे गावकीत पाटलाचा मदतनीस. पुढे सभागृहे झाल्यावर त्यांच्या जोडीला हिब्रू नावांचे अधिकारी बसले: खजिना पाहणारा गबाई, प्रार्थना चालवणारा हझान, दिवाबत्ती आणि निरोप यांचे काम करणारा शमाश. अशा तऱ्हेने एकाच मंडळात अरबी, मराठी आणि हिब्रू पदनामे मांडीला मांडी लावून बसली. मुकादम हा मूळ अरबी शब्द, ‘पुढे ठेवलेला’ असा त्याचा अर्थ, आणि मध्ययुगीन स्पेनमधल्या यहुदी समाजांचे पुढारीही याच शब्दाने ओळखले जात. कोकणाचा आणि त्यांचा संबंध नसताना दोघांनी शेजाऱ्याकडून एकच शब्द घ्यावा, हा योगायोग मोठा बोलका आहे. लग्न, सुंता आणि धर्मविधी यांसाठी काजी गावोगाव फिरे, तर तंटे मुकादमासमोर आणि जमलेल्या समाजासमोर सुटत. काजीपद वंशपरंपरेचे असल्यामुळे समाजाच्या धर्मकृत्यांचा मान मोजक्या घराण्यांत राहिला, पण बोलावणे आल्यावरच यायचे आणि काम झाल्यावर पुढच्या गावी जायचे, या रिवाजामुळे एकाच गावावर त्याचा वरवंटा फिरला नाही. शंभराहून अधिक गावांची नावे या समाजाच्या आडनावांत आहेत आणि एकेका गावात घरे थोडकी. तेव्हा मिन्यानचे दहा पुरुष जमवायला शेजारच्या गावांत माणूस धाडावा लागणार, हे ओघानेच आले.

मुंबईत 1796 मध्ये शमुवेल एझकेल दिवेकर यांनी मांडवी भागात ‘शाआर हारहामीम’ हे समाजाचे पहिले सभागृह बांधले. लोक त्याला मशीदच म्हणत, आणि 1840 च्या सुमारास दुसरे झाल्यावर जुनी मशीद आणि नवी मशीद असा फरक करू लागले. 1826 पासून कोचीनचे यहुदी शिक्षक येऊ लागले, 1832 मध्ये मिशनरी जॉन विल्सन यांचे हिब्रूचे व्याकरण मराठीतून निघाले, रेवदंडा, अलिबाग, पनवेल येथे शतकाच्या मध्यापर्यंत सभागृहे उभी राहिली. या सगळ्याचा परिणाम काजीवर झाला. पाठ असलेल्या थोड्या प्रार्थनांवर चालणारा त्याचा मान हिब्रू वाचता येणाऱ्या पगारी हझानापुढे उतरला, आणि बांधकाम, मालमत्ता, हिशेब यांमुळे सभागृहाच्या मुकादमाचे वजन वाढले. सणाच्या पुस्तकांनीही यात हातभार लावला. 1846 मध्ये मुंबईत वल्हांडण सणाचा ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह निघाला, 1874 मध्ये पुण्यातही एक छापला गेला आणि त्याच्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. त्याच हग्गादात एलाझार बेन अझर्या स्वतःला सत्तर वर्षांचा असल्यासारखा म्हणवतो. याव्नेच्या त्या तरुण अध्यक्षाची कहाणी कोकणातल्या घरात अशी मराठीतून पोचली, तेव्हा ज्ञानाने आलेले वडीलपण आणि घराण्याने आलेले काजीपण यांची तुलना ऐकणाऱ्यांच्या मनात झाली नसेल, असे मानणे कठीण आहे.

वाटून घेतलेल्या या कारभारातून कोण वगळले गेले होते तेही सांगितले पाहिजे. स्त्रिया मंडळात नव्हत्या. 1913 मध्ये त्यांनी स्वतःचे स्त्रीमंडळ काढले. समाजाबाहेरच्या स्त्रियांपासून झालेल्या संततीला काळे इस्रायल म्हणून वेगळे मानले जाई आणि गोऱ्या म्हणवणाऱ्यांशी त्यांचा बेटीव्यवहार होत नसे. शिकलेल्या पिढीने 1917 मध्ये समाजाची परिषद भरवली, तेव्हा मुकादम-चौगुल्यांच्या बैठकीची जागा ठराव, सूचक आणि अनुमोदक यांनी घ्यायला सुरुवात केली होती.

1948 नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्रायलला गेला आणि वेशीतल्या त्या जुन्या विधीशी त्याची अनपेक्षित गाठ पडली. तिथल्या मुख्य रब्बींच्या परिषदेने बेने इस्रायल हे यहुदी आहेत असे 1961 मध्ये मान्य केले, पण 1962 मध्ये मुख्य सेफार्दी रब्बी यित्झहाक निस्सीम यांच्या सूचना निघाल्या, त्यांनुसार त्यांच्यापैकी कोणी इतर यहुद्यांशी लग्न करू इच्छीत असेल तर विवाह-नोंदणी करणाऱ्याने त्याची वंशावळ जमेल तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत तपासायची होती. आक्षेपाचे मूळ असे की कोकणात काजी लग्ने लावत असले तरी धर्मशास्त्राप्रमाणे घटस्फोटाचे पत्र आणि हलित्सा हे विधी त्यांना ठाऊक नव्हते, आणि त्या पत्रावाचून झालेल्या पुनर्विवाहाची संतती शास्त्राने लग्नाला अपात्र ठरते. बेने इस्रायलांच्या बाजूने उत्तर साधे होते: शेजारच्या हिंदू समाजाप्रमाणे त्यांच्यातही विधवा सहसा पुन्हा लग्न करत नसत आणि काडीमोड क्वचितच होई, मग ज्या विधीचा प्रसंगच येत नव्हता तो चुकला कसा? हा वाद कोणा एका रब्बीने वा एका पुढाऱ्याने मिटवला नाही. बायकामुलांसह माणसे यरुशलेममध्ये धरणे धरून बसली, ऑगस्ट 1964 मध्ये संसदेने खास बैठक घेऊन बेने इस्रायल हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचा ठराव केला, आणि त्यानंतर रब्बींच्या परिषदेने सूचनांमधून बेने इस्रायल हे नाव काढून टाकले. चौकशीचे कलम मात्र, ज्याच्याविषयी शंका येईल अशा कोणालाही लागू होईल या शब्दांत, जागच्या जागी राहिले.